मदत हवी आहे: ब्रसेल्सच्या सें-लुई विद्यापीठाची पदवी, एआययूची (असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज) समकक्षता आणि गुणांची टक्केवारी

भाचीने ब्रसेल्समधल्या युनिव्हर्सिते सें-लुईमधून (मारी हाप्स विभाग) भाषांतरातली तीन वर्षांची, 180 क्रेडिटची पदवी 2022 मध्ये घेतली. आता तिला इथे भारतात एम.ए.ला प्रवेश घ्यायचा आहे, त्यासाठी समकक्षता, म्हणजे परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याचा दाखला, हवा आहे. प्रमाणपत्रावर जुनं नाव आहे, पण 2023 मध्ये हे विद्यापीठ यूसीलूव्हँ या फ्रेंच भाषिक विद्यापीठात विलीन झालं. (डच भाषेतलं केयू ल्यूव्हेन वेगळं, कृपया गल्लत नको.)

बेल्जियमच्या परराष्ट्र खात्याचं अपोस्टील (कागदावरची सही खरी असल्याचं प्रमाणपत्र), शपथबद्ध अनुवादकाकडून इंग्रजी भाषांतर आणि डिप्लोमा सप्लिमेंट (अभ्यासक्रम नि श्रेणीपद्धत सांगणारं पदवीचं परिशिष्ट) हाताशी आहे. बारावी महाराष्ट्र बोर्डाची.

खरी अडचण टक्केवारीची. तिकडे गुण 20 पैकी, उत्तीर्णतेला 10 लागतात आणि 14 म्हणजे चक्क 'डिस्टिंक्शन'. तिचे 13.6 आहेत, सरळ पाचाने गुणले तर 68 टक्केच होतात, हे तिच्यावर अन्यायाचं आहे. प्रवेश अर्जात टक्केवारीचा रकाना मात्र सक्तीचा, आणि 'विद्यापीठाचं सूत्र जोडा' अशी सूचना. सप्लिमेंटमध्ये श्रेणीपद्धत समजावलेली आहे, सूत्र कुठेच नाही.

फ्रेंच भाषिक बेल्जियमची पदवी घेऊन ज्यांनी एआययूकडून समकक्षता मिळवली आहे, त्यांनी सांगावं: अर्जात संस्थेचं नाव जुनं लिहिलं की नवं, विलीनीकरणाचं पत्र यूसीलूव्हँकडून मागवावं लागलं का, आणि टक्केवारीसाठी नेमका कोणता कागद चालला?