‘नथिंग बट द बीट’: इतक्या पाहुण्यांत यजमान कुठे आहे?

जुनी_कॅसेट : फ्रेंच डीजे आणि संगीतनिर्माता डेव्हिड गेटाचा 2011 चा हा अल्बम पुन्हा ऐकला आणि त्या वेळी अनेक समीक्षकांनी कौतुक करताना हात का आखडता घेतला, ते कळले. अशर, निकी मिनाज, जेनिफर हडसन, सिया अशी पाहुण्यांची रांग लागली आहे, पण यजमानाचा पत्ता नाही. नृत्यसंगीताला गायक लागतच नाही. ज्याचा स्वतःच्या ठेक्यावर विश्वास नसतो, तोच गळे उसने आणतो.

रात्रपाळी : शेवटचे वाक्य वाचून स्वस्थ बसवेना, म्हणून सविस्तर लिहितो. हा अल्बम दोन तबकड्यांचा आहे आणि दुसरीवर गायकच नाहीत, हे आपण सोयीस्करपणे विसरलात. आपला सिद्धान्त खरा असता, तर आज लोकांच्या तोंडी त्या तबकडीवरच्या रचना असत्या. प्रत्यक्षात आठवते ते पहिल्या तबकडीवरचे, सियाने गायलेले ‘टायटॅनियम’. शिवाय हाउस, म्हणजे गेटा ज्या परंपरेतला आहे ते नृत्यसंगीत, डिस्कोतून आले आणि डिस्को उभे राहिले ते चर्चमध्ये तयार झालेल्या गळ्यांवर. माझ्या मते दोष पाहुण्यांचा नाही, पाहुणा कोणीही असो, त्याला ठेका तापवत नेणाऱ्या त्याच चढणीवरून, तो फुटतो त्या त्याच उसळीकडे नेण्याचा आहे.

जुनी_कॅसेट : दुसरी तबकडी हाच माझा पुरावा आहे. ज्या संगीताचा अभिमान आहे, ते कोणी मागच्या खोलीत ठेवते का?

बिननावाची : ‘टायटॅनियम’चे नाव निघालेच आहे, तर ते गाणे कसे झाले तेही आठवा. सियाने ते दुसऱ्या कोणासाठी म्हणून डेमोत, म्हणजे नमुन्याच्या ध्वनिमुद्रणात, गायले होते. गायिका मेरी जे. ब्लाइजने ते ध्वनिमुद्रितही केले, आणि शेवटी गेटाने सियाचाच डेमो वापरला. तोही तिला न विचारता, असे तिने पुढे सांगितले. गायिका मार्था वॉशची कथा तर याहून कडू आहे. ‘गॉना मेक यू स्वेट’ या नृत्यगीतात 1990 साली आवाज तिचा होता आणि चित्रफितीत ओठ दुसरीचे हलत होते, श्रेयासाठी तिला न्यायालयात जावे लागले. मी स्वतः एका निर्मात्यासाठी ध्रुवपद गायले, रात्रभरात अकरा वेळा, आणि गाणे बाहेर आले तेव्हा माझे नाव कुठेही नव्हते. त्यामुळे ‘उसने गळे’ हा शब्द मला विनोद वाटत नाही.

रात्रपाळी : आपल्यावर अन्याय झाला, हे मान्य; पण सियाचे नाव गाण्यावर आहे आणि त्या गाण्याने तिची कीर्ती वाढली. दोन्ही प्रकरणे एका मापाने मोजू नयेत.

बिननावाची : कीर्ती वाढली म्हणून विचारण्याची गरज उरत नाही? हा युक्तिवाद माझ्या निर्मात्यानेही केला होता, अगदी आपल्याच इतक्या सौम्य भाषेत.

रात्रपाळी : मला त्याच्या पंक्तीला बसवण्याचे कारण नव्हते. विचारायला हवे होते, एवढे मी मान्य करतो, पण याचा अल्बमच्या दर्जाशी काय संबंध?

बिननावाची : संबंध असा, की ज्या गाण्यावर अल्बम तरला, त्यात उरलेला जिवंतपणा एका डेमोचा आहे. तिथे गाणारी पाहुणी म्हणून सजून आली नव्हती. ती फक्त गात होती.

जुनी_कॅसेट : म्हणजे सर्वांत चांगला पाहुणा तो, ज्याला आमंत्रणच नव्हते! ठीक आहे, ‘गायक लागतच नाही’ हे वाक्य मी मागे घेतो. उरलेल्या पाहुण्यांबद्दलचे एकही अक्षर मागे घेणार नाही.