अनुभव धागा: खिडकीपाशी तुमचं काय झालं?

समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ला आला, तेव्हा ऑफिसात पेढे वाटायची माझी छाती झाली नाही. पाव किलो आणले आणि घरी एकट्यानेच खाल्ले. ज्या कलम ३७७खाली तो गुन्हा होता, त्यावर आपण पुष्कळ बोललोय, हा धागा त्यासाठी नाही. दवाखान्यात, चौकीत, कलेक्टर कचेरीच्या खिडकीपाशी प्रत्यक्ष काय झालं आणि काम कशाने झालं, तेवढं लिहा. जागेचं, माणसाचं नाव नको. 'धीर सोडू नका' तर मुळीच नको.

कोराचहा
२०२१. ॲपवरची ओळख, हायवेलगतच्या लॉजवर भेट. खोलीत शिरलो तर एकाऐवजी तिघं. मोबाईल हिसकावला, शर्ट काढायला लावून व्हिडिओ केला आणि पंचवीस हजार मागितले. खात्यात अठरा होते, ते गेले. पाचव्या दिवशी मेसेज, अजून दहा पाठव. तेव्हा एका संस्थेतल्या दादाला फोन केला. मी रडतोय आणि हा विचारतोय, "पैसे कुठल्या नंबरावर गेले? स्क्रीनशॉट आहे का?" राग आला होता, पण शेवटी तोच कामाला आला. चौकीत हवालदार म्हणाले, "असल्या ठिकाणी जायचंच कशाला?" दादा म्हणाला, "साहेब, तक्रार खंडणीची आहे. दोन सज्ञान माणसांच्या भेटण्याला आता बंदी नाही." आणि पिशवीतून निकालाची झेरॉक्स काढून टेबलावर ठेवली. हवालदारांनी वाचली नाही, नुसती जाडी बघितली. गुन्हा नोंदवला. पैसे आले नाहीत, मेसेज मात्र थांबले.

जुनाखोड
२ जुलै २००९ला दिल्ली उच्च न्यायालयाने ३७७मधून सुटका दिली आणि ११ डिसेंबर २०१३ला वरच्या कोर्टाने ती काढून घेतली. मधल्या साडेचार वर्षांत मी आईला सांगून मोकळा झालो होतो. बातम्या बघून ती म्हणाली, "म्हणजे आता परत गुन्हा का रे? मग जेवून घे आधी."

जोगवा
यल्लम्माचा जग (देवीची मूर्ती बसवलेली टोपली) डोक्यावर घेऊन दारी गेले की बायका पाया पडतात, सुपातलं धान्य ओंजळीनं वाढतात. त्याच भागातला कारकून २०२२ला मला म्हणाला, "ऑपरेशनचा कागद आण, मग ओळखपत्राचं बघू." ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०२०च्या नियमात लिहिलं होतं की प्रतिज्ञापत्र पुरे, वैद्यकीय तपासणी नाही. माझ्या गुरूनं त्या ओळीखाली लाल पेननं रेघ मारून दिली होती. तिसऱ्या खेपेला ती दाखवली. चष्मा वर करून म्हणतो, "आम्हाला कुणी कळवलं नाही." कळवायचं कुणी, मी?

दवाखान्याचं वेगळंच. डेंगीनं पडले. बायकांच्या वॉर्डात घ्यायचं की पुरुषांच्या, ह्यावर त्यांची बोलाचाली चाललेली आणि मी व्हरांड्यात, सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला बांधलेली. रात्री एक म्हातारी बाहेर आली, तिची सून आत होती. नर्सला म्हणाली, "देवाचं माणूस हाय, निजू दे माझ्या सुनंशेजारी." मला देव म्हणून नको होतं हो, पेशंट म्हणून पाहिजे होतं. पण अंगात ताप होता, गेले आत.

रकानाभरणारी
मी एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. 'मित्रासाठी विचारतोय' म्हणणारे रोज येतात. बरेचसे लग्न झालेले, बोटात अंगठी. मी मित्राबद्दलच बोलते, तो सगळं ऐकून घेतो. एवढंच कळकळीने सांगते, की धोका झालाय असं वाटलं तर सोमवारची वाट बघू नका. संसर्ग टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि पुढे २८ दिवस घ्यायच्या. लाज वाटते म्हणून लोक पाचव्या दिवशी उगवतात, मग माझ्याकडे द्यायला काही उरत नाही. सरकारी केंद्रात तपासणी फुकट आहे, १०९७ ह्या हेल्पलाइनवर नाव न सांगता विचारता येतं.

दोघीजणी
घर मिळायला आम्हाला कधीच त्रास झाला नाही. दोन बायका म्हटल्यावर मालकीणबाई उलट खूश, 'पार्ट्या नाहीत, मुलगे नाहीत'. अडलं ते ऑपरेशनच्या आदल्या रात्री. संमतीच्या कागदावर 'रुग्णाशी नातं' असा रकाना. अकरा वर्षांच्या संसाराला मी 'मावसबहीण' लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२३च्या निकालात आम्हाला लग्नाचा हक्क मिळालाच नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये आमच्यासारख्या जोडप्यांच्या संयुक्त खात्याला आणि नॉमिनीला आडकाठी नाही असं केंद्राने स्पष्ट केलं, ते छापून बँकेत नेलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "तुम्ही बहिणी ना?" हिने सरळ सांगितलं, "नाही." त्या मुलीने मान डोलावली आणि फॉर्म पुढे सरकवला. (कोराचहा, तुमच्या दादाची झेरॉक्सची युक्ती तीच!)

आई५८
मी २०१६मध्ये मुलाला 'बरं करायला' एका डॉक्टरांकडे नेलं होतं. दहा बैठका, पैसे आधी. सातव्यानंतर त्याने घरात जेवणं सोडलं. असले उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये सांगितलं. तेव्हा तो दुसऱ्या शहरात होता. मी फोन करून बातमी वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पावती आहे का गं?" होती. कपाटात, लाइट बिलांच्या खाली.