टू-स्ट्रोक डर्ट बाइकला नक्की कुठलं ऑइल? आणि रेशो किती?

मातीतलं_चाक

मंडळी, आजवर फोर-स्ट्रोकच चालवल्या, आता पहिल्यांदा टू-स्ट्रोक घेतलीय. सेकंडहँड, २५० सीसी एन्ड्युरो, कार्ब्युरेटरवाली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं एवढं माहीत होतं, पण त्या ऑइलवरून लोकं एवढी हमरीतुमरीवर येतात हे माहीत नव्हतं. ज्याच्याकडून गाडी घेतली तो म्हणाला ३२:१ टाक (३२ भाग पेट्रोलला एक भाग ऑइल), डोळे मिटून. मॅन्युअलमध्ये ६०:१ लिहिलंय. एक मित्र म्हणतो कॅस्टर ऑइल सोडून कशाला हात लावू नको. दुसऱ्याकडे बोटीच्या इंजिनाच्या ऑइलचा डबा पडलाय, त्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलंय, तो म्हणतो टू-स्ट्रोकचंच आहे ना मग झालं तर. डबे बघायला गेलो तर कशावर एफबी, कशावर एफसी, एफडी, एकावर तर काहीच नाही, नुसतं रेसिंग म्हणून मोठ्ठं लिहिलेलं.

माझं चालवणं म्हणजे चिंचोळ्या वाटा, दगड, चढ. बहुतेक वेळ पहिल्या तीन गिअरमध्ये, थ्रॉटल अर्ध्याच्या वर क्वचित जातो. रेस वगैरे अजिबात नाही.

सध्या सायलेन्सरच्या टोकातून काळं चिकट काहीतरी गळतंय, मागच्या टायरवर पण शिंतोडे येतात, प्लग ओला होतो. ऑइल बदललं की हे थांबेल का? आणि गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं म्हणे, मग एकच डबा दोन्हीकडे नाही का चालणार?

जुना_कार्ब

शेवटून सुरू करतो, कारण तिथे गडबड केलीस तर बाकीचं वाचून उपयोग नाही. एक डबा दोन्हीकडे चालत नाही. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या पोटात, ऑइल भरून ठेवलेलं नसतं, तिथून तर पेट्रोल-हवा जाते. क्रँकची बेअरिंगं, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोकं, पिस्टन, रिंगा, या सगळ्यांना जे काही ऑइल मिळतं ते पेट्रोलबरोबर येतं आणि मग जळून बाहेर जातं. त्यामुळे ते जळायलाच बनवलेलं असतं. गिअरबॉक्स आणि क्लच शेजारच्या वेगळ्या खोलीत, त्यांचं ऑइल जळायचं नाही, तिथेच फिरत राहायचं. तिथे १०डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल चालतं, डब्यावर जासो (जपानी स्टँडर्ड) एमए किंवा एमए२ असलं म्हणजे झालं, कारण क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. टू-स्ट्रोकच्या गिअरबॉक्ससाठी म्हणून खास मिळतं ते पण उत्तम. कारचं ऑइल नको, त्यात घर्षण कमी करणारी औषधं असतात, क्लच घसरायला लागतो. आणि फोर-स्ट्रोकचं ऑइल चुकूनही पेट्रोलमध्ये मिसळू नको, त्यातली झिंक-कॅल्शियमवाली अॅडिटिव्हज जळून राख होतात, ती पिस्टनच्या डोक्यावर आणि प्लगवर बसते.

आता ती अक्षरं. एफबी, एफसी, एफडी ही पण जासोचीच वर्गवारी, टू-स्ट्रोक ऑइलसाठी. गंमत अशी की लुब्रिसिटीची, म्हणजे झीज वाचवायची अट तिन्हींना सारखीच आहे. एफबीवरून एफसीला गेलास की धूर बराच कमी आणि सायलेन्सर कमी चोंदतो, एफसीवरून एफडीला गेलास की डिटर्जन्सी वाढते, म्हणजे रिंगांच्या खाचा, पिस्टनची खालची बाजू, पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचं तोंड लहान-मोठं करणारी झडप) स्वच्छ राहतात. म्हणून एफडी घे. लोकं समजतात एफडी म्हणजे जास्त दणकट, तसं नाहीये ते.

टीसी-डब्ल्यू३ बोटीसाठीच ठेव. आउटबोर्ड, म्हणजे बोटीला मागे बाहेरून लावलेलं इंजिन, थंड पाण्यावर चालतं, डर्ट बाइकपेक्षा बरंच गार, आणि त्याचं ऑइल राख न होणारं, अॅशलेस बनवलेलं असतं. गरम चालणाऱ्या इंजिनात रिंगा साफ ठेवायला ते कमी पडतं. वॉटर-कूल्ड गाडीत वर्षानुवर्षं टाकणारे लोक आहेत, त्यांच्या गाड्या चालतायत, नाही म्हणत नाही. पण योग्य ऑइल मिळत असताना कशाला.

धुरकट

वरच्या दादांशी सहमत, पण ज्या डब्यावर नुसतं रेसिंग लिहिलंय त्याबद्दल बोलायचं राहिलं. जासोचा शिक्का नाही म्हणजे वाईट ऑइल असं नाही. ही रेसिंगची ऑइलं जाड असतात, कमी धूर हा त्यांचा हेतूच नसतो, सतत वरच्या आरपीएमवर पिळून काढलेल्या इंजिनासाठी बनवलेली असतात. त्यांचा फ्लॅश पॉइंट जास्त, म्हणजे भरपूर गरम झाल्याशिवाय ती नीट जळत नाहीत. आता तू पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दगडांवरून सांभाळत जाणार, एक्झॉस्ट धड तापत नाही, मग ते ऑइल जळत नाही आणि पाइपमध्ये साचतं. सगळ्यात महाग ते सगळ्यात चांगलं हा हिशोब इथे उलटा पडतो.

उदाहरण द्यायचं तर मोटुलचं ७१० आणि ८००. ७१० मिक्स करून पण चालतं आणि ऑइल पंपवाल्या गाडीत पण. ८०० फक्त मिक्स करायचं, रेसवाल्यांसाठी. तुझ्या चालवण्याला ७१० च्या जातीतलं कुठल्याही चांगल्या कंपनीचं एफडी बास आहे.

रंगावर जाऊ नको हां. निळं, लाल, हिरवं, सगळा नुसता डाय. फायदा एवढाच की कॅन बघितला की कळतं यात ऑइल पडलंय की कोरं पेट्रोल आहे.

किकवर_किक

३२:१ च. मेकॅनिक काय वेडे आहेत का एवढी वर्षं टाकणारे. ऑइल जास्त पडलं म्हणून इंजिन जाम झालेलं मी अजून बघितलं नाही, कमी पडून झालेली हवी तेवढी दाखवतो.

जुना_कार्ब

@किकवर_किक जाम ऑइल जास्त पडून थेट होत नाही, मान्य. पण जेटमधून (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) जे जातं त्यात ऑइल वाढलं की पेट्रोल तेवढं कमी जातं, म्हणजे मिक्स्चर लीन होतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. ऑइल वाढवलं म्हणून रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, झालं असं अर्ध्या लोकांना वाटतं, ते उलटं आहे.

धुरकट

दोघंही थोडे थांबा, आकडे बघू. ६०:१ म्हणजे लिटरला साधारण १७ मिली, ५०:१ ला २०, ४०:१ ला २५, ३२:१ ला ३१. म्हणजे ३२ वर ऑइल ३ टक्के, ६० वर १.६ टक्के. पेट्रोलमधला फरक दीड टक्क्याच्या आतच. मेन जेट एक साइझ बदललास तर यापेक्षा जास्त फरक पडतो, थंडी-उन्हाळा आणि समुद्रसपाटी-डोंगर यांनी तर अजूनच जास्त. रेशोमुळे लीन होतं हे खरंय, पण त्याने इंजिन उडेल असा बाऊ नको.

रेशो खरा ठरतो इंजिन किती वेळ किती वर फिरतं त्यावर. १२५ सीसी मोटोक्रॉस जिचा जीवच वरच्या आरपीएममध्ये आहे तिला ऑइल जास्त लागतं. यामाहाच्या वायझेड मोटोक्रॉसच्या मॅन्युअलमध्ये ३०:१ आहे, केटीएमच्या कार्बवाल्या ३०० ईएक्ससी एन्ड्युरोच्या मॅन्युअलमध्ये ६०:१, दोन्ही कंपन्यांना आपापलं काम कळतं, वापर वेगळा म्हणून आकडा वेगळा. तुझं मॅन्युअल ६०:१ म्हणतंय आणि तू हळू चालवतोस तर ६० चालेल. मनाला चैन पडत नसेल तर ५० किंवा ४० कर, ४० ला ५ लिटरमध्ये १२५ मिली, हिशोब पण सोपा. पण एक धर आणि सोडू नको. दर वेळी रेशो बदललास तर जेटिंगचा (कार्बच्या जेट-नीडलच्या जुळवणीचा) अंदाज कधीच लागणार नाही.

आणि भाऊ, मापाचा कप घे, झाकणाने अंदाजे नको. आधी कॅनमध्ये थोडं पेट्रोल, मग ऑइल, मग उरलेलं पेट्रोल, आणि दणकून हलव. गाडीच्या टाकीत थेट ऑइल ओतून वरून पेट्रोल टाकणारे असतात, तसं केलं की पहिली पाच मिनिटं कार्बमध्ये काय जाईल सांगता येत नाही.

निवांत_रायडर

तुझ्या गळतीचं कोणी बोललंच नाही. ते काळं म्हणजे न जळलेलं ऑइल अधिक कार्बन अधिक पेट्रोल. बहुतेक वेळा कारण ऑइलचा ब्रँड नसतो, जेटिंग रिच असतं. तू थ्रॉटल अर्ध्याच्या खालीच ठेवतोस म्हणजे मेन जेटचा तुझ्याशी फारसा संबंधच नाही, तिथे पायलट जेट, एअर स्क्रू आणि नीडलची क्लिप काम करतात. आधीच्या मालकाने गाडी ट्रॅकवर पळवली असेल तर जेटिंग त्या हिशोबाचं असणार. एअर फिल्टर पण बघून घे, ऑइलने थबथबलेला किंवा धुळीने भरलेला असला तरी तसंच होतं. प्लग नवीन टाकून थोडं चालव आणि मग रंग बघ, कॉफीसारखा तपकिरी आला तर बरोबर.

कॅस्टरबद्दल, म्हणजे एरंडेलच की ते, पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांत वापरायचे, पेट्रोलमध्ये पटकन विरघळत नाही हाच तिथे फायदा होता. प्रचंड उष्णतेत सुद्धा धातूवरचा त्याचा थर टिकतो, गो-कार्टच्या रेसवाले उगाच नाही वापरत. पण जळताना लाखेसारखा थर सोडतं, रिंगा आणि पॉवर व्हॉल्व्ह चिकटतात, आणि थंडीत मिक्समधून वेगळं होऊन तळाला बसू शकतं. जो प्रत्येक रेसनंतर इंजिन उघडतो त्याने वापरावं. तू उघडणार आहेस का?

किकवर_किक

वास मात्र कॅस्टरचाच. त्याला तोड नाही.

निवांत_रायडर

वासाला मी पण नाही म्हणत नाही 😄

अजून एक, हे फोर-स्ट्रोकवरून आलेल्यांना कोणी सांगत नाही. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरमध्ये गाडी सोडायची सवय असेल ना, ती मोड. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजेच ऑइल पण बंद, आणि इंजिन तर चाकामुळे जोरात फिरतंय. क्लच दाब, मधूनमधून थ्रॉटलला छोटा झटका दे. फ्युएल इंजेक्शनवाल्या बऱ्याच नव्या एन्ड्युरो गाड्यांत ऑइलची वेगळी टाकी आणि पंप असतो, तुझ्यात नाही.

मिक्स करून ठेवलेलं पेट्रोल महिन्याभरात संपव. इथेनॉलवालं असेल तर अजून लवकर, ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी जास्त झालं की थर वेगळे होतात. अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये जास्त ओढतं.

मातीतलं_चाक

सगळ्यांना थँक्स, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. एफडीवालं ऑइल घेतलं, ४०:१ धरलंय. एअर फिल्टर धुतला, नीडलची क्लिप एक खाच वर घेतली, नीडल खाली गेली म्हणजे लीन, बरोबर ना? प्लग नवीन. तरी गळतंय. थोडं कमी झालं असेल पण धूर अजून भरपूर आणि प्लग परत ओला.

मग म्हटलं गिअरबॉक्सचं ऑइल तरी बदलून टाकू. ड्रेन केलं तर मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच्या जेमतेम निम्मं निघालं. खाली जमिनीवर कुठेच थेंब नाही, ड्रेन बोल्ट कोरडा, शाफ्टचं सील कोरडं. आधीच्या मालकाने कमी भरलं असेल का?

जुना_कार्ब

थांब. प्रीमिक्स, रेशो, जेटिंग सगळं बाजूला ठेव. (नीडलचं बरोबर केलंस, पण क्लिप परत होती तिथे ने, का ते आता कळेल.)

ऑइल कमी झालंय, बाहेर कुठे गेलं नाही, धूर आहे, प्लग ओला आहे. म्हणजे ते इंजिन पितंय. क्लचच्या बाजूचं क्रँक सील (क्रँकच्या शाफ्टभोवतीचं, क्रँककेस आणि गिअरबॉक्स वेगळे ठेवणारं) गेलंय असा माझा अंदाज. पिस्टन वर जातो तेव्हा क्रँककेसमध्ये व्हॅक्यूम होतो, सील फाटकं असलं की शेजारच्या खोलीतून गिअर ऑइल ओढलं जातं. तू वरून जगातलं कितीही भारी टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल टाक, जळतंय १०डब्ल्यू-४०.

सायलेन्सरच्या टोकातलं ते काळं बोटावर घेऊन वास घे. गिअर ऑइल जळल्याचा वास जाड, करपट येतो, टू-टीचा तसा नसतो.

धुरकट

+१. पक्कं करायचं तर प्रेशर टेस्ट कर. इनटेक आणि एक्झॉस्ट रबराच्या बुचाने बंद, हातपंपाने ६ पीएसआयच्या आसपास हवा भर, जास्त नको नाहीतर चांगली सीलं पण जातील. काटा खाली यायला लागला की गिअरबॉक्सच्या ब्रीदर पाइपचं (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीचं) टोक पाण्यात धर. बुडबुडे आले की क्लचकडचंच सील. तिथे आले नाहीत तरी मॅग्नेटच्या बाजूला, म्हणजे क्रँकच्या दुसऱ्या टोकाला, साबणाचं पाणी मारून बघ, ते सील गेलं तर ऑइल नाही, हवा आत येते आणि तो प्रकार जास्त घातक, लीन होऊन पिस्टन जाम होतो.

मातीतलं_चाक

ब्रीदरमधून बुडबुडे आले. भरपूर. मॅग्नेटची बाजू कोरडी, फेस नाही. वास पण करपटच होता, मला वाटलं टू-स्ट्रोकचा असाच असतो. इंजिन पूर्ण उघडावं लागणार का?

जुना_कार्ब

गाडीवर आहे. काही इंजिनांत क्लच कव्हर आणि प्रायमरी गिअर काढला की सील बाहेरून निघतं, काहींत ते आतून बसवलेलं असतं मग केस उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. सर्व्हिस मॅन्युअलमधलं चित्र बघ. बाहेरून निघणारं असेल तर कॉलरच्या आतली ओ-रिंग पण नवीन टाक, ती जुनी ठेवली तर नव्या सीलनंतर पण ऑइल ओढतं आणि माणूस सीलला शिव्या घालतो. क्रँक हाताने वर-खाली हलवून बघ, खेळ असेल तर बेअरिंगने सील खाल्लंय, नुसतं सील बदलून टिकणार नाही. क्लच कव्हरचं गॅस्केट आधीच आणून ठेव.

आणि प्रायमरी गिअरचा नट काही गाड्यांत उलट आट्यांचा असतो, जोर लावायच्या आधी ते बघ.