भरतकामाचे जुने कपडे: धुण्यापेक्षा घासलं जाण्यापासून जपा

‘भरतकाम असलेलं काहीही ड्रायक्लीनच करावं’ हे मत सुती कापडावरच्या सुती धाग्याला सरसकट लागू होत नाही. ओलं पांढरं फडकं उलट्या बाजूने प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून पाहा. लाल, मरून, काळा हमखास तपासा. रंग उतरला नाही तर गार पाणी, सौम्य साबण, पाचेक मिनिटं भिजवणं. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. इस्त्री उलट्या बाजूनेच.

रोजच्या वापरात जास्त नुकसान घासण्याने होतं. पर्सचा पट्टा, टेबलाची कड यांनी भरीव टाक्यांचे (आकार पूर्ण भरण्यासाठी एकमेकांना लागून घातलेल्या टाक्यांचे) लांब, मोकळे धागे आधी तुटतात. म्हणून खांद्यावर भरतकाम असेल तर पर्स हातात धरा. मागच्या गाठीही घासू नयेत म्हणून त्यांच्यावर मलमलचं पातळ अस्तर हातशिलाईने लावा, मात्र ते आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात कापड चुण्या धरतं.