मदत हवी आहे: बोअरच्या जड पाण्यात गिझर जास्त वर्षे कसा टिकवावा?

नमस्कार. आमच्या इमारतीला बोअरवेलचे जड पाणी येत असल्यामुळे २५ लिटरच्या गिझरच्या हीटिंग एलिमेंटवर पांढऱ्या क्षारांचा थर बसला असून पाणी तापण्यास पूर्वीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो. तापमान जितके जास्त, तितके क्षार लवकर साचतात, म्हणून थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवला आहे. टाकीला गंजापासून वाचवण्यासाठी स्वतः झिजत जाणारा मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड अशा पाण्यात किती महिन्यांनी तपासावा? तसेच, आतून काचेचा मुलामा असलेल्या टाकीतील एलिमेंट बाहेर काढून सायट्रिक अ‍ॅसिडने स्वच्छ करणे योग्य ठरेल का? दुरुस्तीवाले सरसकट नवा एलिमेंटच सुचवतात (ते मला फारसे पटत नाही), त्यामुळे जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.