बेसबॉल गेममधली चौकट लपवून खेळलात का? अनुभव सांगा

पाऊस लागला की आमचं मैदान म्हणजे तळं. मग डिचोलीच्या घरी प्लेस्टेशनवर 'एमएलबी द शो'. यंदा कठीण पातळी होती तीच ठेवली आणि पडद्यावरची मदत काढली: स्ट्राइक झोनची चौकट (न खेळलेला चेंडू तिच्यातून गेला तर 'स्ट्राइक', बाहेरून गेला तर 'बॉल'), बॅट कुठे लागणार ते दाखवणारा पीसीआय, उंच चेंडू कुठे पडणार ते दाखवणारं फिल्डिंगचं वर्तुळ. पहिल्याच सामन्यात १४ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन-तीन स्ट्राइक होऊन १४ वेळा बाद. धाकटा म्हणाला, "दादा, डोळे मिटून खेळतोस काय?" तुम्ही काय लपवलंत, किती टिकलात?

फोंडा
मी टेनिस बॉल क्रिकेटवाला. चौकट होती तोवर मी चेंडू बघतच नव्हतो, चौकट बघत होतो. ती गेली आणि माझा ऑफ स्टंपच हरवला. क्रिकेटमध्ये गार्ड घेतला की मागच्या ९ इंचांचा अंदाज अंगात असतो. इथे मागे काही रोवलेलंच नाही, जमिनीवर १७ इंचांची पांढरी प्लेट तेवढी. शेवटी प्रॅक्टिसमध्ये ५० चेंडू नुसते सोडले. प्रत्येकाला आधी आपण मोठ्याने 'बॉल' नाहीतर 'स्ट्राइक' म्हणायचं, मग अंपायर काय देतो ते बघायचं. आई आतून, "कुणाशी बोलतोस रे?" वरखालचं लवकर जमलं, कारण ती मापं बॅटरच्या अंगावरच असतात: खाली गुडघा, वर खांदा आणि पट्टा यांच्या मधोमध. शेवटच्या क्षणी वळून बाहेर पळणारा चेंडू, स्लायडर, मात्र अजून मामा बनवतो.

पेडणे
चौकट काढा, पीसीआय नको. दिसला नाही तरी तो डाव्या स्टिकबरोबर फिरतोच, फक्त कुठे आहे ते तुम्हाला कळत नाही. काळोखात गरी टाकल्यासारखं. मी मधला ठिपका ठेवलाय, बाहेरचं सगळं बंद.

साखळी
फिल्डिंगचं वर्तुळ काढलं. सोपा उंच झेल डोक्यावरून मागे पडला, समोरचा तिसऱ्या बेसवर. त्याच संध्याकाळी वर्तुळ परत.

वास्को
आम्ही दोघं एकमेकांविरुद्ध खेळतो. अंपायर 'पर्सनलाइज्ड' ठेवलाय, म्हणजे प्रत्येकाचा झोन जरा वेगळा. त्यात चौकट नाही, त्यामुळे निकाल चुकला हे कुणालाच सिद्ध करता येत नाही. तिसऱ्या इनिंगनंतर मी आणि अहो बोलतच नव्हतो. जेवण मात्र त्यांनीच वाढलं.

मडगाव
लपवण्याआधी टीव्ही गेम मोडवर टाका. ताशी ९५ मैलांचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात पोचतो, त्यात टीव्हीने चित्र उशिरा दाखवलं तर संपलंच. मी महिनाभर स्वतःला दोष देत होतो. आणि हो, मी ऑल-स्टार पातळीवरून खालच्या, व्हेटरन पातळीवर उतरलो. लाज वाटली, पण पातळी वाढवली की कॉम्प्युटर हुशार होतो, खुणा काढल्या की आपण उघडे पडतो. दोन्ही एकदम झेपत नाही.

डिचोली, पुन्हा मीच
फोंडेकरांचा ५० चेंडूंचा प्रयोग केला. माझे ३१ बरोबर. धाकटा बाजूला बसून सांगत होता, त्याचे ३८. त्याने आजवर कंट्रोलर हातात धरलेला नाही.