स्नो चेन टायरवर घट्ट बसत नाहीये, मदत हवी आहे (लेक टाहो, फ्रंट व्हील ड्राइव्ह)

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे सनीव्हेलला आले आहेत. दोघांनीही बर्फ अजून पाहिलेला नाही, म्हणून पुढच्या शनिवारी आय-८० महामार्गाने टाहोला न्यायचं ठरवलंय. हवामान खात्याने त्याच दिवशी वाटेतल्या डॉनर समिट घाटात बर्फ सांगितलाय. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यांना गाडीत बसवून रस्त्याकडेला तासभर खटपट करायची माझी अजिबात इच्छा नाही. म्हणून आधीच विचारतोय.

गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह सेदान, टायर २१५/५५ आर १७, चारही ऑल-सीझन, बाजूला 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फासाठी) छापलेलं. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की फक्त एस क्लासच्या (टायरभोवती कमी जागा असलेल्या गाड्यांसाठीच्या) केबल चेन, त्याही पुढच्याच चाकांना. तशाच घेतल्या, साइजही जुळतो.

घरासमोर बसवून पाहिल्या. टायरच्या मागे हात घालून आतला आकडा अडकवणं फार अवघड जातंय, मडगार्डमध्ये हात शिरतच नाही. कसाबसा अडकवला, बाहेरचा आकडा लावला, वरून रबरी रिंग ताणून बसवली, तरी चेन एका बाजूला सैलच. गल्लीत जरा फिरवल्यावर आतून खडखड आवाज यायला लागला, लगेच थांबवली. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर तिथेच असते, त्यामुळे जास्त काळजी वाटते.

चेन घट्ट करायला टायरमधली हवा थोडी कमी करावी का? मागच्या चाकांनाही लावाव्यात का? आणि बर्फात रस्त्यावर चेनसक्तीचे 'आर वन', 'आर टू' हे टप्पे लागू असताना माझ्या गाडीला नक्की काय लागेल?

प्रतिसाद

हवा अजिबात कमी करू नका. चेन टायरच्या ठरलेल्या मापावरच बेतलेली असते.

आतल्या आकड्यासाठी स्टिअरिंगचा उपयोग करा. डाव्या चाकाचं काम करताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवा, उजव्याचं करताना उजवीकडे. चाकाची पुढची कड मडगार्डबाहेर येते आणि आत हात घालायला जागा होते. आकडा त्याच कडेला जोडा. त्याआधी केबल चाकामागून सरकवून दोन्ही टोकं वर घ्या, आडव्या केबल टायरवर सरळ आणि सारख्या अंतरावर पसरवा. तुमची चेन एका बाजूला सैल राहतेय ती बहुतेक इथेच, एखादी आडवी केबल तिरकी गेली की बाहेरून कितीही ताणा, फरक पडत नाही. आकड्यांची तोंडं टायरपासून बाहेरच्या बाजूला हवीत, नाहीतर टायरची भिंत कापली जाते. मग स्टिअरिंग सरळ करून बाहेरचा आकडा, शेवटी रबरी रिंग.

एवढ्यावर काम संपत नाही. थोडं अंतर हळू चालवून सुरक्षित जागी थांबा आणि पुन्हा आवळा, कारण गाडी चालल्यावरच चेन नीट बसते. लोंबणारं टोक राहिलं तर ते बांधून टाका, खडखड बहुतेक त्याचीच असते. आवाज तरीही आला तर पुढे जाऊ नका.

मागे लावू नका, मॅन्युअल म्हणतं तेच बरोबर. फक्त पुढे चेन असल्यामुळे उतारावर जोरात ब्रेक मारला तर गाडीची मागची बाजू फिरू शकते. उतार खालच्या गिअरमध्ये, ब्रेक हलका ठेवून उतरा.

'आर वन'ला तुमच्या टायरवर चेन न लावता जाता येतं. मात्र टायरची नक्षी किमान ६/३२ इंच खोल हवी आणि चेन गाडीत हवीच, तपासतात. 'आर टू'ला तुम्हाला चेन लावावीच लागेल, सूट फक्त चारही चाकांना बर्फाचे टायर असलेल्या फोर व्हील किंवा ऑल व्हील ड्राइव्ह गाड्यांना. 'आर थ्री'ला कोणालाच सूट नाही, पण सहसा त्याआधीच रस्ता बंद करतात. चेन लावल्यावर वेग ताशी २५ ते ३० मैलांच्या वर नेऊ नका.

चेन लावायला ठरवून दिलेल्या रुंद जागेतच थांबा, लेनमध्ये कधीच नाही. तिथे नंबरचा बिल्ला लावलेले लोक पैसे घेऊन चेन बसवून देतात. बाबा सोबत आहेत तर खुशाल या लोकांची मदत घ्या, पण चेन तुमचीच लागेल, त्यांना विकायची परवानगी नसते. पाणी न शिरणारे हातमोजे, डोक्याला लावायचा टॉर्च आणि गुडघ्याखाली घ्यायला ताडपत्री ठेवा. कोरडा रस्ता लागला की चेन लगेच काढा, नाहीतर तुटते. निघायच्या सकाळी कॅलट्रान्सचा (कॅलिफोर्नियाच्या वाहतूक खात्याचा) क्विकमॅप हा रस्त्यांची स्थिती दाखवणारा ऑनलाइन नकाशा पाहा, आणि आर टू लागलेला दिसला तर रविवारी निघा.